दगडाची साय

घाटंजीच्या शाळेत मी सव्वीस वर्षं भूगोल शिकवते आहे. या काळात मी सातवी-आठवीच्या मुलांना ॲमेझॉनच्या जंगलात फिरवून आणलं, सहारा ओलांडून दिला, टुंड्रात नेऊन कुडकुडवलं, आणि हे सगळं स्वतः यवतमाळ जिल्ह्याबाहेर फारसं न पडता. मी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पावसाळ्यातला पैनगंगेचा सहस्रकुंड धबधबा. त्यामुळे या दिवाळीच्या सुट्टीत मी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या वडिलांना घेऊन थेट व्हिएतनामला जाऊन आले, हे सांगताना माझी मान थोडी ताठ झाली तर चालवून घ्या.

पण अभिमान विमानात बसल्याचा नाही. विमानात हल्ली कोणीही बसतं. आम्ही गेलो होतो एका जुन्या भांडणाचा निकाल लावायला.

भांडण

माझे बाबा वणीकडच्या एका गावात चुन्याच्या भट्टीवर कामाला होते. ही भट्टी म्हणजे जमिनीवर उभी केलेली विटांची विहीरच. तिच्यात दगडी कोळशाचा एक थर, चुनखडीचा एक थर, पुन्हा कोळसा, पुन्हा दगड असं भरत जायचं आणि खालून पेटवायचं. दगड भाजला की त्याचा कळीचा चुना होतो. त्यावर पाणी टाकलं की तो उकळतो आणि फुलून येतो. थर किती जाडीचा हवा, आच कधी कमी करायची, हे बाबा नुसत्या धुराच्या रंगावरून सांगायचे. आमच्या भागातल्या कितीतरी भिंती पोळ्याच्या आधी बाबांच्या चुन्यानं पांढऱ्या झाल्या आहेत. हे मला लहानपणापासून मिरवायला आवडतं आणि मी मिरवते.

मी सातवीत असताना गुरुजींनी शिकवलं की चुनखडीच्या गुहेत छतातून पाणी ठिबकतं आणि त्या थेंबांतून दगड वाढतो. छतातून खाली येतो तो अधोमुखी लवणस्तंभ, जमिनीतून वर जातो तो ऊर्ध्वमुखी. मी धावत घरी आले. बाबा जेवत होते. त्यांना हे सांगितलं तर ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

"दगड वाढते म्हणते पोरगी! अवं, दगड सरते. वाढला असता तं म्हसोबाची टेकडी काहून सरली असती?"

म्हसोबाची टेकडी आमच्या गावामागे होती. भट्टीला दगड तिथूनच यायचा. मी मॅट्रिक होईपर्यंत टेकडीच्या जागी खड्डा झाला होता आणि खड्ड्यात हिरवं पाणी. शेंदूर लावलेला म्हसोबा उचलून एका बाभळीखाली आणून ठेवला होता. बाबा तसे कमी बोलणारे, पण एकदा त्या खड्ड्याकडे पाहून म्हणाले होते, "एक अख्खी टेकडी खाल्ली आपून." ते मला फार लागलं. भूगोलाची बाई झाल्यावर दरवर्षी तो धडा आला की मी बाबांशी नव्यानं भांडायची, आणि त्यात माझ्या हट्टापेक्षा त्या वाक्याचा वाटा जास्त होता.

गेल्या वर्षी बाबांनी एकदाचं आव्हान दिलं. "दाखव मले वाढता दगड. दाखवला तं चार लोकासमोर सांगीन का पोरगी बरोबर होती आन् म्या फुकट हसलो."

मी तापट आहे. "दाखवते," म्हणून बसले.

पासपोर्ट काढायला गेलो तेव्हा बाबांच्या बोटांचे ठसे यंत्राला उमटेनात. चुन्यानं बोटांवरच्या रेघाच खाऊन टाकल्या होत्या. दहा वेळा बोटं पुसली, ओली केली, पुन्हा ठेवली. बाबा ओशाळून म्हणाले, "जाऊ दे ना बाई, मशीन म्हणून राह्यलं का हा माणूसच नाही." शेवटी कसेबसे दोन ठसे उमटले. बाहेर आल्यावर मी बाबांना उसाचा रस पाजला आणि स्वतः दोन ग्लास प्यायले, इतका मला राग आला होता. राग कोणावर, ते मला अजून सांगता येत नाही.

बोट

नागपूरहून निघालेल्या वीस जणांच्या सहलीत आम्ही दोघं होतो. हनोई शहर, तिथल्या मोटारसायकलींचे लोंढे आणि हॉटेलातल्या टोपीएवढ्या वाडग्यातलं शेवयांचं गरम पाणी याबद्दल पुन्हा कधी. तिसऱ्या दिवशी सकाळी बसनं आम्हाला ‘हा लाँग’ नावाच्या उपसागराच्या बंदरावर सोडलं. तिथून दिवसभराची बोट. आमची मार्गदर्शक लान नावाची तिशीतली मुलगी होती. तिचं इंग्रजी चांगलं होतं आणि भारतीय पर्यटकांकडून ती "चलो चलो", "जल्दी" आणि "बहुत बढिया" एवढं हिंदी शिकली होती. त्या तीन शब्दांवर तिनं वीस वैदर्भीयांना दिवसभर हाकलं. आमच्या शाळेत असती तर मी तिला शिस्तीचा तास दिला असता.

बोट सुटली. अर्धा तास नुसतं करडं पाणी आणि वर तसंच करडं आभाळ. मग धुक्यातून पहिला डोंगर वर आला. तो पाण्यातून सरळ उभा होता, पायथा नाही, उतार नाही, अंगावर झाडी आणि झाडीतून पांढरट कातळ उघडा. त्याच्यामागे दुसरा, मग पाच, मग मोजायचं सोडूनच द्यावं इतके. पाण्यालगत प्रत्येकाची कंबर आत खाल्लेली. हे चित्र मी सव्वीस वर्षं फळ्यावर खडूनं काढत आले आहे, आणि ते इतकं वाईट काढत आले आहे हे मला त्या दिवशी कळलं.

बाबा कठड्याला धरून उभे होते. पांढरा सदरा, पायजमा, सदऱ्यावर लाइफ जॅकेट, डोक्यावर टोपी. 

"बाई, हे सारं चुनखडी?"

"सारं."

"अथून तथवर?"

"दिसते तथवर. अन् त्याच्या मांगंही."

बाबांनी एक मोठा श्वास घेतला. "आन् एकही भट्टी नाही?"

लाननं सगळ्यांना गोळा करून गोष्ट सांगितली. फार पूर्वी शत्रू चालून आला तेव्हा आकाशातून ड्रॅगन उतरले, त्यांनी तोंडातून मोती थुंकले आणि त्या मोत्यांचे हे डोंगर झाले. मी ती आमच्या भाषेत बाबांना सांगितली. बाबा गंभीरपणे म्हणाले, "आपल्याकडं असते तं हे डोंगर कवाच लीजवर गेले असते." नागपूरचे पाठक साहेब, म्हणजे आमच्या सहलीतले निवृत्त अभियंता, खो खो हसले. ते प्रत्येक गोष्टीचा फोटो काढत होते आणि खूपशा गोष्टी आम्हाला समजावून सांगत होते.

जेवणात कोळंबी, मासे आणि आम्हा शाकाहाऱ्यांसाठी भात, कोबी आणि तांदळाच्या पातळ पापुद्र्यात भाज्या गुंडाळलेल्या वळकट्या आल्या. बाबांनी एक उचलून उलटसुलट पाहिली. "हा तं कापसाचा पेळू हाय," म्हणाले, आणि पिशवीतून जवसाच्या चटणीची डबी काढून त्यावर शिंपडली. बघता बघता आमच्या टेबलावरच्या सगळ्यांनी चटणी मागितली. लाननंही चिमूटभर घेतली, दोन ग्लास पाणी प्यायली आणि "बहुत बढिया" म्हणाली. तिचे डोळे वेगळंच सांगत होते.

पायऱ्या

गुहा एका डोंगराच्या मध्यावर होती. धक्क्यावरून मी वर बघितलं. पायऱ्या झाडीत शिरत होत्या, वळत होत्या आणि कुठे संपतात ते दिसत नव्हतं. चुन्याची धूळ खाल्लेली बाबांची छाती घरातून अंगणात आलं तरी शिट्टी वाजवते.

लाननं बाबांकडे नीट पाहिलं. "अंकलनी बोटीवर थांबावं," ती मला म्हणाली. "पायऱ्या ओल्या आहेत, आत दम लागला तर माघारी आणणं अवघड आहे."

पाठक साहेबांनीही समजूत घातली. "मॅडम, कशाला दमवता त्यांना? मी मस्त फोटो काढून आणतो. मोबाइलवर दाखवा."

"साहेब, पुस्तकातल्या फोटोंवरच तर चाळीस वर्षं भांडतोय आम्ही," मी म्हटलं. पण माझा आवाज खाली आला होता. एवढ्या लांब आणून पन्नास पावलांवर हरायचं, हे मला सहन होत नव्हतं, आणि हट्टापायी बापाला काही झालं तर तेही नाही. मी बाबांकडे वळले. "बाबा, राहू द्या. मी हरली समजा."

बाबांना वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. त्यांना राग आला.

"काहून? बत्तीस वर्सं डोक्यावर टोपलं घेऊन भट्टीच्या तोंडापावतर चढलो म्या. आज तं टोपलंही नाही."

आणि ते चढू लागले. त्यांची चढायची रीत वेगळी होती. कठड्याला न धरता, तोंड मिटून, पाऊल आडवं टाकत, दहा पायऱ्या झाल्या की थांबायचं, कंबरेवर हात ठेवून श्वास खाली बसू द्यायचा, मग पुढच्या दहा. तो भट्टीवरचा ताल होता. लान सुरुवातीला त्यांच्या मागे हात पुढे करून चालत होती. तिसऱ्या थांब्यानंतर तिनं हात खाली घेतले आणि ती मागून येणाऱ्या तरुण मंडळींना बाजूला करू लागली. वर पोचलो तेव्हा पाठक साहेब आमच्या आधी येऊन बाकावर आडवे झाले होते. मी काही बोलले नाही. पण बघितलं मात्र पुरेसा वेळ.

गुहा

आत गेलो तर कापसाच्या जिनिंगची चार गोदामं मावावीत एवढी पोकळी. छतातून दगडाचे लोंबते झुंबके, खालून वर आलेले खांब, आणि कुठेतरी थेंब पडल्याचा आवाज. मी तिथे उभी राहून चक्क रडले. पुस्तकातला धडा क्रमांक अमुक, त्याच्या मध्ये मी उभी होते.

"पाहा बाबा," मी म्हटलं. "हा वरून आला, हा खालून गेला. एकेक थेंब, एकेक थेंब."

बाबा एका कमरेएवढ्या खांबासमोर उभे राहिले. डोकं कलतं केलं. आणि मग, मला काही सुचायच्या आत, खिशातून तंबाखू-चुन्याची पितळी डबी काढून ती त्या खांबावर टणटण वाजवली. दगड भट्टीत घालायच्या लायकीचा आहे की नाही, हे ते आयुष्यभर असंच आवाजावरून ठरवत आले होते. वर त्यांनी ओल्या जागी तळहात ठेवून ओल पाहिली.

पहारेकऱ्याची शिट्टी सगळ्या गुहेत घुमली. लोक वळून पाहू लागले. लान धावत आली. तिचं हसू पार गेलं होतं. "हात लावायचा नाही! पाटी आहे! आपल्या हाताला तेल असतं, ते दगडाला लागलं की पाणी तिथे धरत नाही. मग त्या जागी दगड कधीच वाढत नाही, समजलं?"

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. मान खाली घालून मी ते बाबांना सांगितलं. बाबांनी हात झटकन मागे घेतला. क्षणभर विचार केला.

"बरोबर हाय तिचं," ते म्हणाले. "चुना विझवाच्या आंधी आमी हाताले जवसाचं तेल लावो. तेल लावलं का चुना कातडीले धरत नाही. तिले म्हण, म्या चुकलो. मले हे समजाले पायजे होतं, मीच तं चुनेवाला."

मी लानला इंग्रजीत सांगितलं: माझे वडील माफी मागतात, ते चुना भाजणारे आहेत, आणि तू म्हणतेस ते त्यांना हातानं माहीत आहे. लान त्यांच्याकडे बघत राहिली. "वोय?" तिनं विचारलं. त्यांच्या भाषेत चुन्याला वोय म्हणतात आणि या दगडाला दा वोय, म्हणजे चुन्याचा दगड. तिची आजी नागवेलीच्या पानाला चुना लावून खाते, असं ती म्हणाली. पुढची सगळी वाट बाबा दोन्ही हात पाठीमागे बांधून चालले, आणि लान आम्हा दोघांच्या बरोबर चालली.

पण भांडणाचं काय? बाहेर पडायच्या दारापाशी मी विचारलं.

"हे तं म्हसोबावानी उभंच हाय," बाबा म्हणाले. "वाढून राह्यलं हे कायवरून?"

"फार हळू वाढते. माणसाच्या अख्ख्या जन्मात नखाएवढं."

"मंग तुवा वाढताना पाह्यलं का? नाही. म्या पाह्यलं का? नाही. मंग बरोबरी झाली."

एवढा खर्च, एवढी वणवण, आणि बरोबरी! मी फणकाऱ्यानं बाहेरची वाट धरली. गुहेच्या तोंडाशी एक थेंब बाबांच्या चष्म्यावर टपकला, तो त्यांनी पुसलाही नाही, कारण माझी समजूत कशी काढायची याच विचारात ते होते.

परतीचं पाणी

बोट माघारी निघाली तेव्हा ऊन पडलं होतं. डोंगर आता स्वच्छ, जवळ आलेले दिसत होते. लाननं चहा दिला. मी कठड्याकडे तोंड करून बसले होते.

"बाई, चष्म्यावर काय पडलं पाह्य," बाबा म्हणाले. "पुसून राह्यलो तं निंगत नाही."

काचेवर एक वाळलेलं पांढरं कडं होतं. थेंबाच्या आकाराचं. मी पदरानं पुसलं, गेलं नाही. बाबांनी चष्मा माझ्या हातातून घेतला, उन्हात धरला, आणि अंगठ्याच्या नखानं कडं खरवडलं. नखावर आलेली पांढरी कणी त्यांनी दुसऱ्या बोटानं चोळली, मग जिभेला लावली. असं करताना मी त्यांना हजार वेळा पाहिलं आहे.

ते एकदम सरळ बसले.

"हे तं टाक्याची साय हाय."

"कायची साय?"

"चुना विझवाचं टाकं राहे ना आपल्याकडं. रात्रभर निवळी उभी राह्यली का सकाळी तिच्यावर साय धरे. पातळ, काचेवानी. दुधावर धरते तशी. ती कडक राहे. पाण्यात टाकली तरी इरघळे नाही." त्यांचा आवाज बारीक झाला. "म्या काडीनं फोडून बाजूले सारो. रोज सकाळी. बत्तीस वर्सं."

मला हे माहीत होतं. म्हणजे पुस्तकात माहीत होतं: चुन्याची निवळी हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढते आणि तिच्यावर पुन्हा चुनखडी धरते. दरवर्षी मी ते एका वाक्यात संपवते. ते वाक्य माझ्याच बाबांच्या भट्टीवरच्या टाक्यात रोज सकाळी तरंगत होतं, हे मला बाबा सांगत होते.

"बाबा," मी म्हटलं, "हे कडं अन् ती साय, दोन्ही दगडच. भाजलेला दगड हवा खाऊन वापस दगड होते."

"म्हणजे रोज येऊन राह्यला होता तो? माह्या समोर?"

"हो. अन् भिंतीले लावलेला चुनाही वाळला का तसाच होते. पोळ्याले ज्या ज्या घराले तुमचा चुना लागला, त्या भिंतीवर आता दगड हाय. चुना नाही."

बाबा डोंगरांकडे बघत राहिले. त्यांनी चष्मा परत घातला नाही, हातातच धरला. मग म्हणाले, "म्हणजे म्हसोबाची टेकडी खाल्ल्या नाही गेली."

"नाही."

"वाटल्या गेली. घराघरात."

 लान शेजारी येऊन बसली होती, तिनं विचारलं, काय झालं? मी सांगितलं. तिनं सगळ्यांना टाळ्या वाजवून गोळा केलं आणि बाबांना म्हणाली, "अंकल, चलो चलो." मग हा लाँगच्या पाण्यावर, माझ्या बाबांनी वीस माणसांना भट्टी कशी भरतात, कळी कशी फुटते, साय कशी धरते हे सांगितलं. ते वऱ्हाडीत बोलले, मी लानसाठी इंग्रजीत केलं आणि लाननं बोटीच्या कप्तानासाठी व्हिएतनामीत. पाठक साहेबांनी एकही फोटो काढला नाही. ते लक्ष देऊन ऐकत होते, आणि शेवटी त्यांनी वाकून बाबांच्या हाताची ती रेघा नसलेली बोटं पाहिली.

घाटंजी

दिवाळीनंतर शाळा सुरू झाली. धडा आला. आदल्या दिवशी दुपारी बाबा पिशवीत कळीचा चुना घेऊन आले. वर्गात सगळ्यांना लांब उभं करून त्यांनी तो पाण्यात विझवला. चुना उकळला तेव्हा पोरांनी आरडाओरडा केला. संध्याकाळी त्यांनी वरची निवळी एका परातीत अलगद ओतली आणि वर्गाला कुलूप लावून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली, कोणी हलवू नये म्हणून.

सकाळी पहिल्या तासाला कुलूप उघडलं. परातीवर पातळ, काचेसारखा पापुद्रा धरला होता. बेचाळीस मुलं टेबलाभोवती दाटली. बाबांनी टोपी सारखी केली.

"पोट्टेहो, पह्यले एक ऐका. तुमच्या बाई तुमच्याएवढ्या होत्या तवा मले म्हणाल्या का दगड वाढते. म्या हसलो होतो. त्या बरोबर होत्या आन् म्या फुकट हसलो. चार लोकासमोर सांगीन म्हटलं होतं, तुमी बेचाळीस हाय."

मुलं माझ्याकडे बघायला लागली. मी फळ्याकडे तोंड केलं.

मग बाबांनी खिशातून तुराटीची एक काडी काढली. बत्तीस वर्षं ज्या हातानं साय फोडली त्याच हातानं, श्वास रोखून, एकही तडा न जाऊ देता त्यांनी तिचा तुकडा उचलला आणि खिडकीच्या उजेडात धरला.

"हा दगड हाय," ते म्हणाले. "काल हा नव्हता."